भिंग डोळ्यावर असताना

सोमवार, ३ फेब्रुवारी

वर्षानुवर्षं हातानं काही लिहिलेलं नाही, म्हणून अक्षर असं. आज सकाळी मी एका कंपनीचा अख्खा कारभार चाळीस मिनिटं बंद पाडला. मी, संहिता. अठरा वर्षांची नोकरी. नव्या पोरांना ऑफिसात माझं उदाहरण देतात की बघा, एका वेळी पाच कामं कशी करावीत.

झालं असं. समोर दोन स्क्रीन. एकीवर मीटिंग, दुसरीवर औषधांची गोदामं चालवणाऱ्या ग्राहकाशी चाललेला चॅट आणि त्याला खेटून आमच्या सोसायटीचा ग्रुप (सेक्रेटरी मीच, दुसरं कोण होणार). दारात घरकामाची गंगव्वा विचारत होती, दोडका करू की पडवळ. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, कारंज्याचा पंप फार आवाज करतोय, काय करायचं? मी इंग्रजीत झटकन लिहिलं, "बंद करा, उद्या बघू." लिहिलं ते ग्राहकाच्या खिडकीत. तिकडच्या आज्ञाधारक माणसानं सगळं बंद केलं. चाळीस मिनिटं एकही औषधाची गाडी गोदामातून हलली नाही. मला कळलं तेव्हा मी पडवळाच्या बाजूनं बोलत होते.

संध्याकाळी महांतेशचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या कंपनीनं माणसांना वळण लावायला नेमलेला हा विजयपूरचा मुलगा, माझ्याशी मराठीच बोलतो. म्हणाला, "मॅडम, तुमी हुशार हाईसा. पण एका टायमाला पाच ठिकाणी असता, म्हंजे कुठंच नसता बघा." शिक्षा अशी: तीस दिवस घरूनच काम करायचं, एका वेळी एकच काम, आणि दिवसाचं हातानं वहीत लिहायचं. पुन्हा असं घडलं तर हा ग्राहक सुरजकडं. सुरज माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे.

नवऱ्याला, प्राणेशला, जर्मनीत फोन करून सांगितलं. तो आधी हसला, मग नोकरीचं विचारलं. विचारलं ते जास्त लागलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

खोलीच्या दारावर पाटी लावली: आत काम चालू. कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणले. फोन ड्रॉवरमध्ये. पहिल्या तासात माझा हात ड्रॉवरकडं तेवीस वेळा गेला, मोजलं मी. नयना शाळेतून आल्यावर पाटी वाचून खूप हसली. तेरा वर्षांच्या मुलीला आईची फजिती म्हणजे सणच.

खरं तर हे मला नवीन नाही. मी अण्णांची मुलगी. माझे वडील चौतीस वर्षं घड्याळांच्या कारखान्यात होते, आणि निवृत्तीनंतरही शहरातल्या जुन्या, राजाजीनगरच्या घरी खिडकीपाशी टेबल मांडून लोकांची घड्याळं दुरुस्त करतात. उजव्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि काचेच्या घुमटाखाली केसाएवढे भाग. आमच्या घरात एकच नियम होता. अण्णांच्या डोळ्याला भिंग असताना कुणी बोलायचं नाही, हाक मारायची नाही, दारात उभं राहायचं. भिंग काढलं की काय ते सांगायचं. आईसुद्धा कॉफीचा लोटा हातात धरून उभी राहायची. अण्णा कधी ओरडले नाहीत, ओरडायची वेळच कुणी आणली नाही.

अशा माणसाची मुलगी कारंज्याच्या पंपापायी गोदाम बंद पाडते. लाज वाटते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज जमलं. सकाळी सलग तीन तास एकच काम!

दुपारी अण्णा आले. न कळवता, राजाजीनगरहून दोन बस बदलून, हातात कापडी पिशवी. गंगव्वानं दार उघडलं. मी चारला खोलीबाहेर आले तेव्हा ते दोन तास सोफ्यावर बसलेले. म्हटलं, "फोन तरी करायचा की अण्णा!"

"केला होता की. तीनदा."

फोन ड्रॉवरमध्ये होता. मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग म्हणाले, "उजव्या डोळ्यात कोपऱ्याला वीज चमकल्यागत होतंय ग. काळे ठिपके पण. काल डॉक्टरला दाखवलं, त्यानं चिठ्ठी दिलीय." आणि शर्टाच्या खिशाकडं हात नेला.

पूर्वीची मी असते तर एका हातानं चिठ्ठी घेऊन दुसऱ्या हातानं निरोप टाइप करत "हं, हं" म्हटलं असतं. तसं करायचं नाही असंच तर ठरवलंय. सव्वाचारला ग्राहकाचा कॉल होता. म्हणून म्हटलं, "अण्णा, हे असं उभ्या उभ्या नको. नीट वेळ काढून बसू, पूर्ण लक्ष देऊन बघते."

त्यांनी खिशावरचा हात खाली घेतला. "सरी," म्हणाले, इथल्या कन्नड सवयीनं, म्हणजे ठीक. "तुझं काम होऊ दे."

ही वही ठेवायला लागल्यापासून पहिल्यांदा स्वतःवर खूश आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

शनिवार-रविवार दोन्ही दिवस त्या चाळीस मिनिटांचं निस्तरण्यात जाणार. पण अण्णा काही दिवस इथंच राहणार आहेत, आणि त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा अशी वेळ राखून ठेवलीय, सोमवारपासून. तसं कॅलेंडरवर टाकून त्यांना दाखवलंसुद्धा. त्यांनी मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "सोमवारी ना? सरी, सरी."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काल सहाला पाच मिनिटं कमी असताना ग्राहकाचा कॉल आला, सातला सुटले. अण्णा गॅलरीत खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. आजही तेच.

आज दुपारी मात्र मजा झाली. मी आकड्यांच्या एका किचकट तक्त्यात बुडालेले. दारात कुणी उभं असल्याचं जाणवलं. मान वर न करता मी एक बोट उभं केलं, म्हणजे थांबा. तक्ता संपवून बघितलं तर अण्णा! किती वेळ उभे होते, देव जाणे. मी हेडफोन काढायला हात वर नेला तोच पुढचा कॉल वाजला. त्यांनी हातानंच खूण केली, चालू दे.

संध्याकाळी म्हणाले, "कामातल्या माणसाला हलवू नये. तुझं बघून बरं वाटलं ग. पूर्वी नुसती भिरभिर करायचीस."

अण्णांकडून शाबासकी! ती मला शेवटची कधी मिळाली होती तेही आठवत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज सहा वाजून पाच मिनिटांनी मी खरोखर गॅलरीत पोचले. तर अण्णा खुर्चीत झोपलेले. खिशातून चिठ्ठीचं टोक बाहेर आलेलं. उठवावंसं वाटलं, पण उठवलं नाही. झोप हेही एक कामच, आणि तेही एका वेळी एकच करावं. महांतेशला सांगितलं तर तो खूप हसला.

गंगव्वाची कुरकुर चालू आहे. "अक्का, मोठ्या अण्णांनी आज काफी पेल्याच्या भायेर वतली. न्हाणीच्या दाराला खांदा बी धडकला." म्हटलं, घर नवं आहे त्यांना. राजाजीनगरच्या घरात चाळीस वर्षं काढलीत, इथं सगळीकडं काचाच काचा. ती काहीतरी पुटपुटत गेली. अथणीकडच्या बायकांना प्रत्येक गोष्टीचं टोक गाठायची सवयच असते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ग्राहकाचा मेल आला. दोन आठवड्यांत एकही चूक नाही, संहिता पूर्वीपेक्षा शंभर पटींनी बरी. सुरजलाही त्याची प्रत. अहाहा.

नयना मात्र आज पाटी न जुमानता आत घुसली (अण्णांना ती ताता म्हणते). "आई, ताता पेपर वाचतच नाहीत. मला वाचून दाखव म्हणतात रोज." मी बोट वर केलं. तशी किंचाळली, "बोट काय दाखवतेस! मी काय गाडी आहे का?" तिला शांतपणे सांगितलं की जेवताना बोलू. जेवायला बसलो. तिनं तोंड उघडलं तेव्हा अण्णांनी तिच्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "आईचा महिना पुरा होऊ दे."

सगळ्या घरात मला समजून घेणारं एकच माणूस.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कुठून लिहू कळत नाही. जसं घडलं तसंच लिहिते.

महांतेशनं आज नवा धडा दिला. वीस मिनिटं एकाच गोष्टीकडं बघत बसायचं, बाकी काही करायचं नाही, मग त्याबद्दल लिहायचं. चारचा सुमार होता. अण्णा जेवणाच्या टेबलावर नयनाचं बंद पडलेलं घड्याळ उघडून बसले होते. म्हटलं, यापेक्षा चांगलं काय मिळणार. समोरची खुर्ची ओढून बसले.

त्यांनी पिशवीतून रुमाल काढला, पसरला. घड्याळ त्यावर पालथं ठेवलं. भिंग काढलं, धोतराच्या टोकानं पुसलं, डोळ्याला लावलं. मी बघत होते आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, वहीत लिहायला. चिमट्यानं त्यांनी एक स्क्रू उचलला, तो खाली पडला. पुन्हा उचलला. बारीक स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या शेजारी टेकलं. पुन्हा शेजारी. तिसऱ्यांदाही शेजारीच. अण्णांचा हात चुकलेला मी आयुष्यात बघितला नव्हता. आणि मग दिसलं की भिंग डाव्या डोळ्याला आहे.

चौतीस वर्षं कारखान्यात आणि अठरा वर्षं घरी, भिंग उजव्या डोळ्याला. भुवईखाली त्याचा वळसुद्धा पडलाय. मनात जुळवलेली वाक्यं तिथंच थांबली.

"अण्णा, डावा डोळा का?"

त्यांच्या डोळ्याला भिंग असताना मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. त्यांनी ते सावकाश काढून रुमालावर ठेवलं.

"उजव्यानं दिसेना झालंय ग. कडेनं काळं काळं येत होतं. शनिवारपासनं मध्ये पण काही नाही."

"शनिवारपासून? आणि तुम्ही..."

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. तीच. घामानं घड्यांवर विरलेली. तारीख ६ फेब्रुवारी. उजव्या डोळ्याच्या पडद्याला फाट. दोन दिवसांच्या आत लेसर करून घ्यावा. सोबत कुणीतरी हवं. खाली दोन रेघा मारून लिहिलेलं, तातडीचं. मी ती चार वेळा वाचली. तेरा दिवस हा कागद माझ्या घरात, माझ्यापासून दोन खोल्यांवर, एका खिशात होता.

"का नाही सांगितलंत अण्णा? का नाही?"

"रोज येत होतो की दाराशी. तुझ्या कानाला ते लावलेलं असायचं." आणि मला समजावल्यासारखं म्हणाले, "दुखत नव्हतं ग. दुखलं असतं तर हाक मारली असती."

त्यांनी माझ्या हेडफोनला भिंग समजून मान दिला. मी ते कधी काढते याची अण्णा वाट बघत राहिले. मी काढलेच नाहीत.

डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्याची उद्या सकाळची पहिली वेळ मिळालीय. मघाशी ही वही उलटी चाळली. वीज चमकणं, काळे ठिपके, मान तिरकी करून बघणं, कॉफी, न्हाणीचं दार, पेपर. सगळं आहे. माझ्याच अक्षरात, तारीखवार. लिहिणारीला एक अक्षर कळलेलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

डॉक्टर निवेदिता म्हणून आहेत, तरुण, स्पष्ट बोलणाऱ्या. डोळ्यात थेंब घालून, प्रकाश टाकून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, पडदा मधल्या भागासकट सुटलाय. चिठ्ठी मिळाली तेव्हा नुसती फाट होती, लेसरला अर्धा तास लागला असता आणि संध्याकाळी घरी गेले असते. आता मोठं ऑपरेशन, शनिवारी सकाळी, आणि किती दिसेल ते सांगता येत नाही.

अर्धा तास. मी रोज सहा ते साडेसहा राखून ठेवला होता तेवढाच.

"चौदा दिवस काय करत होतात?" त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडं बघितलं.

मी तोंड उघडायच्या आधी अण्णा म्हणाले, "मीच आळस केला, डॉक्टर. म्हातारपण."

आणि मी गप्प बसले. हे लिहायलाच हवं. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि गप्प बसले. कॅबमध्ये आमचं देवनहळ्ळी येईपर्यंत ते माझ्या गुडघ्यावर थोपटत होते आणि मला वाटत होतं, यांनी मला एक मुस्कटात मारावी.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

शनिवारी ऑपरेशन झालं, रविवारी घरी आणलं. डोळ्यात वायूचा फुगा सोडलाय, तो पडद्याला दाबून धरतो. त्यासाठी अण्णांनी आठवडाभर पालथंच राहायचं. झोपताना पालथं, बसले तरी मान खाली. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, उशीच्या फटीत तोंड घालून पडून असतो. बोलायचं तर जमिनीवर बसून वर बघावं लागतं. मी दिवसभर तशीच फरशीवर बसते. दर दोन तासांनी थेंब.

कालच सुट्टी टाकली. ग्राहक सुरजकडं गेला. महांतेशनं फोन केला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, चुकलं आमचं. मी कामाचं सांगितलं, माणसाचं सांगायचं राहिलं." मी म्हटलं, तुझं नाही चुकलं रे. तू धडा दिलास, मी तो मला हवा तसा वाचला.

गंगव्वा तेरा दिवस जे सांगत होती त्याबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या अक्का, पयला अण्णास्नी भाताची गंजी पाजा, गार व्हायली."

रविवार, २ मार्च

सकाळचे साडेदहा. अण्णांना कालपासून सरळ बसायची परवानगी मिळालीय. ते गॅलरीत उन्हाला आहेत, मी इथं टेबलापाशी लिहिते आहे. खूप लिहायचंय.

काल दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं. पडदा चिकटलाय. डोळा वाचला, असं त्या म्हणाल्या. फुगा विरला की उजेड, माणसाचा आकार, दाराची चौकट दिसेल. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "भिंगाचं काम?"

"या डोळ्यानं नाही."

"आणि लवकर आलो असतो तर?"

"तर बहुधा काहीच झालं नसतं."

अण्णांनी मान हलवली, कुणी घड्याळाचा बिघाड सांगावा आणि तो त्यांना पटावा तशी. आणि पुन्हा तेच म्हणायला लागले, मीच आळस... या वेळी मी मध्ये बोलले. म्हटलं, "डॉक्टर, त्यांनी आळस केला नाही. दुसऱ्या दिवशीच ते चिठ्ठी घेऊन माझ्या दाराशी आले. रोज आले. मी वर बघितलं नाही." डॉक्टरांनी माझ्या हातात थेंबांचा नवा कागद दिला आणि दोनदा समजावून सांगितला.

घरी आल्यावर मी अण्णांच्या पायाशी बसले आणि रडले. म्हटलं, हेडफोन ओढून फेकून द्यायचे होते. ओरडायचं होतं. मला हलवायचं होतं. तुम्ही का थांबलात?

ते माझा डावा हात हातात घेऊन कोपराजवळ चाचपडायला लागले. तिथं मला एक जुना डाग आहे, रुपयाएवढा. लहानपणी भाजलेला, एवढंच मला ठाऊक.

"हे कसं झालं सांगितलं होतं का कधी आईनं?"

"चुलीवर पडले असं काहीतरी."

"बंबाला हात लागला होता तुझा. पाच वर्षांची असशील. आई देवळात गेली होती. मी एक घड्याळ घेऊन बसलो होतो, जुनं, फार नाजूक. तू दारात येऊन उभी राहिलीस. किती वेळ, मला माहीत नाही. मी भिंग काढलं, वर बघितलं, तर तू हात धरून उभी, डोळ्यांतनं पाणी, पण तोंडातनं आवाज नाही. कातडी लोंबत होती ग." त्यांनी डागावर अंगठा ठेवला. "आणि मी काय केलं? औषध लावलं आणि सगळ्या गल्लीत सांगत फिरलो, माझी पोर बघा, किती शहाणी, भिंग काढेपर्यंत हूं की चूं केलं नाही. पेपरमिंट घेऊन दिलं शाबासकी म्हणून."

माझा हात त्यांच्या हातातच होता. मला काही आठवत नाही. पेपरमिंटसुद्धा नाही. आठवत नाही हेच कालपासून पचत नाहीये.

"आता मी दाराशी उभा होतो ना, तेव्हा तेच मनात यायचं," ते म्हणाले. "एवढीशी पोर थांबली होती, आपल्याला काय धाड भरलीय थांबायला."

मी काल रात्रीपासून यावर काय म्हणावं ते शोधते आहे. त्यांच्यावर राग येतो, मग उशीच्या फटीतलं त्यांचं तोंड आठवतं आणि राग राहत नाही. माझ्यावरचा मात्र राहतो. आपण एका वेळी एकच काम करायला शिकलो, दोघंही, आणि फार चांगलं शिकलो. वर बघायचं कधी, ते आम्हाला कुणी

आत्ता मान वर केली तर नयना दारात उभी आहे. हातात शाळेची वही नाही, काही नाही. डोळे लाल. मी विचारलं, "कधीची उभी आहेस?"

म्हणाली, "तू लिहीत होतीस ना. तीन पानं झाली."